पोतनीसांचं दोन खोल्यांतलं स्टेशन

पोतनीसांना मी पहिल्याच भेटीत जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर त्यांनी मला तीन महिन्यांनी दिलं. प्रश्न काही वेदान्तातला नव्हता. रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून माझी निवड झाली होती. ट्रेनिंगला जायला दिवाळीपर्यंत वेळ होता, आणि तोवर सिग्नलचं काम एकट्याने, अगदी श्रीगणेशापासून शिकता येईल असा कॉम्प्युटरवरचा एखादा खेळ मला निवडायचा होता. ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमच्या अंबरनाथ पश्चिमेला घरात कॉम्प्युटर असलेला माणूस तेव्हा माझ्या माहितीत नव्हता. पण उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, माझा कॉलेजातला मित्र लच्छू याने कॉम्प्युटर क्लास काढला होता आणि त्याच्याकडे आगगाड्यांचे सिग्नल चालवायचे तीन खेळ फ्लॉपीवर आले होते. त्यातला कुठला घ्यावा, एवढंच मी विचारलं.

पोतनीसांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कात्रपचा रस्ता, भाजीची एक गाडी आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या दोन रिक्षा. यात सिग्नलशी संबंधित काहीच नव्हतं. तरी त्यांनी ते सगळं नीट पाहून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "एकट्याने शिकायचंय?"

मी हो म्हणालो. ते पुन्हा खिडकीकडे वळले आणि नंतर अर्धा तास दुसऱ्याच विषयावर बोलत राहिले. म्हातारा जरा सरकलेला दिसतो, असं मनाशी म्हणत मी जिना उतरलो.

त्यांच्याकडे मला बाबांनी पाठवलं होतं. बाबांच्या केमिकलच्या कारखान्यात तेव्हा आठवड्यातले चारच दिवस काम चालायचं आणि ते चार दिवस तरी किती टिकतील याची शाश्वती नव्हती. मला नोकरी हवीच होती. पण बाबा भित्र्या स्वभावाचे. सिग्नल म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ, आणि आपला मुलगा हा असा वेंधळा. मग त्यांनीच तोडगा काढला. बदलापूरचे पोतनीस हे स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालेले, बाबांच्या जुन्या ओळखीचे. "तीस वर्षांत त्या माणसावर एक डाग नाही. ते म्हणाले तू लायक आहेस, तर जा. ते नाही म्हणाले तर मी तुला जाऊ देणार नाही." असा माझ्या नोकरीचा निकाल बाबांनी एका परक्या माणसाच्या हातात देऊन टाकला. मला याचा मनस्वी राग आला होता, पण घरात बोलून उपयोग नव्हता.

म्हणून मी दर रविवारी कात्रपला जाऊ लागलो.

पोतनीस उंच, किंचित वाकलेले. घरातसुद्धा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशाला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. आवाज कधी चढलेला ऐकला नाही. पण त्यांच्या घरात वावरताना आपण सतत कुणाच्या तरी नजरेखाली आहोत असं वाटायचं. त्यांना काहीही विचारलं की ते आधी मान वळवून बघायचे. जेवण झालं का, असं विचारलं तरी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून मग हो म्हणायचे. आणि नंबर मागायचे.

हे नंबरचं प्रकरण सांगायला हवं. जुन्या पद्धतीच्या स्टेशनात मास्तर आपल्या ऑफिसात बसतो आणि स्टेशनाच्या दोन्ही टोकांना केबिनी असतात. गाडी आत घ्यायची तर ती ज्या लाइनवर घ्यायची ती मोकळी हवी, पण मास्तरला बसल्या जागेवरून सगळी लाइन दिसत नाही. मग तो टोकाच्या केबिनमनला फोन करतो. केबिनमन खिडकीतून बघतो, लाइन मोकळी असली तर 'मोकळी आहे' म्हणतो आणि पुरावा म्हणून एक दोन आकडी नंबर सांगतो. हा प्रायव्हेट नंबर. नंबरांचा छापील कागद फक्त त्या केबिनमनकडे असतो, मास्तरला नंबर आधी माहीत नसतो. मास्तर तो नंबर आपल्या रजिस्टरात लिहितो आणि मगच गाडीला आत यायचा सिग्नल पडतो. उद्या काही झालंच तर रजिस्टरातला नंबर बोलतो. कुणी कुणाला काय सांगितलं, यावर नंतर वाद घालता येत नाही.

पोतनीसांनी ही पद्धत घरात आणली होती. बाहेर निघताना ते विचारायचे, "गॅस बंद?" काकू म्हणायच्या, "बंद." "नंबर?" "चौतीस," काकू चपलेत पाय घालत म्हणायच्या. एवढं झाल्यावर माणसाने कुलूप लावावं की नाही? पण पोतनीस चपला काढून आत जायचे, शेगडीवर वाकून बघायचे आणि परत यायचे. "बघायचंच असतं, तर मला कशाला विचारता?" काकू म्हणायच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यामुळे त्यांचा राग आता राग राहिला नव्हता. बिल्डिंगमधली पोरं जिन्यात पोतनीसांना बघून एकमेकांना नंबर मागायची. मीही एकदोनदा हसलो.

मग टाकीचा प्रसंग घडला आणि माझं हसणं बंद झालं.

त्या रविवारी बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करायला माणसं आली होती. दुपारी काम संपलं. सेक्रेटरी खालून ओरडले, वॉचमनने सगळे बाहेर आले म्हणून सांगितलं, सेक्रेटरींनी वहीत सही केली आणि पंप सुरू करायला निघाले. पोतनीस माझ्याशी बोलत बसले होते. ते तसेच उठले आणि जिन्यात जाऊन म्हणाले, थांबा. सेक्रेटरी वैतागले. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं, बायका बादल्या घेऊन दारात उभ्या होत्या. वॉचमन शपथा घेऊ लागला. पोतनीस तीन जिने चढून गच्चीवर गेले, मी त्यांच्या मागे. त्यांनी झाकण सरकवलं आणि आत वाकले. तळाशी एक माणूस उकिडवा बसून पोत्याच्या तुकड्याने कोपरा पुसत होता. त्याने वर बघितलं आणि दोन मिनिटं द्या म्हणाला.

खाली आल्यावर सगळ्यांनी पोतनीसांना डोक्यावर घेतलं. सेक्रेटरींनी सर्वांसमोर हात जोडले. पोतनीस घरात आले आणि खुर्चीत बसले. काका, तुम्ही आज एक जीव वाचवलात, असं मी मनापासून म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांना शिवी दिली होती. "हे पुन्हा म्हणू नकोस," ते म्हणाले. काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि मी निघालो. कात्रपच्या रस्त्याने स्टेशनकडे चालताना मला पहिल्यांदा या घरात काहीतरी वाईट दडलं आहे असं वाटलं.

खेळ निवडायला ते माझ्याबरोबर कॅम्प तीनला यायला तयार होतील असं मला वाटलं नव्हतं. पण गल्ली कुठली हे त्यांनी दोनदा विचारलं आणि मग चला म्हणाले. उल्हासनगर स्टेशनाबाहेर शेअर रिक्षात दोन अनोळखी माणसांबरोबर आम्ही दाटीवाटीने बसलो. बाजारात शिरल्यावर मात्र ते वर, खिडक्यांकडे बघू लागले. दोन्ही बाजूंना जीन्सचे गठ्ठे, वरच्या मजल्यांवर शिलाई मशिनांचा आवाज, बटणांची आणि चेनची दुकानं. लच्छूचा क्लास अशाच एका कारखान्याच्या मागे होता.

लच्छूने पहिला खेळ लावला. पडद्यावर काळ्या जागेत पिवळ्या रेषा, त्यावर लाल-हिरवे ठिपके. इथे दाबलं, तिथे दाबलं की रस्ता तयार. लच्छू एकदम सेल्समन झाला. "काका, हा एकदम सेफ आहे. गलत रूट द्यायला गेलात तर देताच नाही येत, अंदरसेच लॉक. बिगिनर के लिए बेस्ट."

पोतनीसांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "यात समोरचा माणूस कोण?"

लच्छूला कळेना. पुढच्या स्टेशनला आपण विचारतो ना, गाडी पाठवू का, तर तिकडे कोण असतं, असं त्यांनी पुन्हा विचारलं. लच्छू म्हणाला, कॉम्प्युटरच. आणि तो नाही म्हणतो का? लच्छूने थोडा विचार केला आणि हसून म्हणाला, "नहीं ना काका, तो हमेशा हो म्हणतो."

दुसरा खेळ मोठ्या विलायती जंक्शनचा होता. वीस-बावीस लाइनी, मिनिटाला गाडी. नवशिक्याला त्यात श्वास घ्यायला फुरसत नाही, असं त्यांनीच सांगितलं, पण खरा प्रश्न पुन्हा तोच विचारला. तिथेही समोरचा हो म्हणत होता. तिसरा खेळ छोटा होता, दोन लाइनींचं खेड्यातलं स्टेशन, हळू चालणारा. मला तो मनापासून आवडला. पोतनीसांनाही आवडला असावा, कारण ते पाच-सात मिनिटं अगदी लहान मुलासारखे खेळले. मग त्यांनी माउसवरचा हात काढला. या खेळात दोन्हीकडची उत्तरं आपणच द्यायची होती. इकडून विचारायचं, आणि बटण दाबून तिकडूनही आपणच हो म्हणायचं.

"हा नको," ते म्हणाले. "हा तर मुळीच नको."

क्लासबाहेर पडल्यावर ते स्टेशनच्या दिशेला न वळता पुढच्या गल्लीत गेले. तिथे एका बटणांच्या दुकानासमोर उभे राहिले आणि पलीकडच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याकडे पाहू लागले. उघडी खिडकी, आत ट्यूबलाइट, पाठमोरी बसलेली दोन-तीन माणसं. मी विचारलं, कुणी ओळखीचं आहे का? दहा मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. दुकानदार आम्हाला काय हवं म्हणून तीनदा विचारून गेला. मग पोतनीस म्हणाले, चल, आणि आम्ही परतलो. त्यानंतर दर दोन-तीन रविवारी ते काही ना काही निमित्ताने कॅम्प तीनला यायचे आणि त्याच दुकानासमोर उभे राहायचे. वर कधी गेले नाहीत.

कॉम्प्युटरचा नाद सुटला आणि पोतनीसांनी मला त्यांची फळी दाखवली. रिटायर झाल्यावर त्यांनी प्लायवूडवर एक स्टेशन बनवलं होतं. रूळ म्हणजे ठोकलेल्या सायकलच्या स्पोकी, लिव्हर म्हणजे काकूंच्या विणकामाच्या सुया, डबे म्हणजे काड्यापेट्या. काम इतकं सुबक होतं की पाहत राहावं. पण ती फळी मधोमध कापलेली होती. अर्धी बाहेरच्या खोलीत टेबलावर आणि अर्धी स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला. मधे भिंत. बाहेर बसणाऱ्याला आतली अर्धी बाजू दिसायची नाही. दोन जुने टेलिफोन वायरने जोडलेले, एक बाहेर, एक आत. बाहेर मी मास्तर, आत काकू केबिनमन. काकूंच्या मसाल्याच्या फडताळावर नंबरांचा कागद चिकटवलेला.

मी फोन करायचा, गाडी लूपवर, म्हणजे बाजूच्या वळणाच्या लाइनवर, घेऊ का, लाइन मोकळी आहे का. काकूंनी हातातली पोळी तव्यावर टाकायची, फळीकडे बघायचं, मोकळी असली तर नंबर द्यायचा. आतल्या अर्ध्या भागावर पोतनीस कधीकधी गुपचूप एक काड्यापेटी ठेवून यायचे. तेव्हा काकूंनी नाही म्हणायचं आणि मी थांबायचं. किती वेळ? काकूंनी पेटी उचलेपर्यंत. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. एकदा काकू शेजारी हळदीकुंकवाला गेल्या आणि मी दीड तास एका काड्यापेटीपायी थांबलो. पोतनीस समोर पेपर वाचत होते. माझं डोकं तापलं होतं, पण दिवाळी जवळ येत होती आणि त्यांच्या एका होकारावर माझं सगळं अडलं होतं.

शेवटी मी शहाणपणा केला.

दिवाळीच्या तीन आठवडे आधीचा तो रविवार. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा फडताळावरच्या कागदावरचे पुढचे दहा नंबर मी तळहातावर पेनाने उतरवून घेतले; ओट्यावरच्या फळीकडे बघितलंही नाही. पोतनीस दुपारचे आडवे झाले होते आणि काकू शेजारी कुठे तरी असतील असं मी धरून चाललो. उठल्यावर ते रजिस्टर तपासणार हे मला माहीत होतं. मी बाहेर बसलो आणि गाडीमागून गाडी घेतली. फोन उचलायचा नाही, उगाच वाट बघायची नाही. प्रत्येक गाडीसमोर वेळ आणि नंबर, एकदम व्यवस्थित अक्षरात. दोन तासांत मी दहा गाड्या काढल्या. इतकं स्वच्छ पान माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

पोतनीस उठले, चष्मा लावला आणि पान वाचलं. पेन्सिलीने एकेका नंबरावर टिंब देत खाली गेले. दहाही नंबर बरोबर होते, क्रमही बरोबर होता.

"तुझी काकू दुपारी एकलाच बहिणीकडे गेली," ते म्हणाले. "मग हे नंबर कुणी दिले?"

मी तळहात मिटला. ते मला आत घेऊन गेले. ओट्यावरच्या फळीवर, लूपच्या वळणात, एक काड्यापेटी होती आणि तिच्या शेजारी दोन हरभरे ठेवलेले होते. हे त्यांनी झोपायच्या आधीच ठेवलं असणार. माझ्या दहा गाड्यांपैकी चार मी लूपवर घेतल्या होत्या.

मला वाटलं, आता संपलं. आता हे बाबांना सांगणार आणि मी घरी बसणार. पण पोतनीस ओट्याजवळच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी मला माझ्याबद्दल काहीच सांगितलं नाही. त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं.

घाटापलीकडच्या एका लहान स्टेशनावर ते मास्तर होते तेव्हाची गोष्ट. टोकाच्या केबिनला किसन नावाचा माणूस. दोघांचं मेतकूट चांगलं जमलेलं. किसन कामात चोख, कधी चुकायचा नाही. आणि चुकत नाही म्हणूनच दोघांनी एक सोय करून ठेवली होती. दर वेळी फोन फिरवायचा कंटाळा, म्हणून किसन सकाळीच दहा नंबर बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहून मास्तरांच्या टेबलावर ठेवायचा. लाइनवर काही असलं तर आपण होऊन फोन करून कळवायचा. तसं पुष्कळ ठिकाणी करतात, असं पोतनीस म्हणाले. कुणी त्याला खोटं मानत नाही.

एका दुपारी मालगाडी यायची होती. पोतनीसांनी कागदावरचा पुढचा नंबर रजिस्टरात लिहिला. सत्तेचाळीस. सिग्नल पडला. लूपच्या वळणात, पाण्याच्या टाकीमागे, रुळांखालचे स्लीपर वाहायची ढकलगाडी उभी होती आणि तिच्याजवळ रूळदुरुस्तीच्या गँगची दोन माणसं. ती लाइनवर येऊन पाचच मिनिटं झाली होती. किसनने फोन केला होता, पण पोतनीसांचा फोन तेव्हा पलीकडच्या स्टेशनशी चालू होता. दोघंही गाडीखाली गेले.

"चौकशीत रजिस्टर काढलं," पोतनीस म्हणाले. "सत्तेचाळीस नंबर. तो नंबर किसनच्या कागदावर होता, दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नव्हता. म्हणजे त्यानेच दिला. माझं पान स्वच्छ होतं, अवि. तुझ्यासारखंच."

किसन काही बोलला नाही. चौकशीच्या खोलीत तो पोतनीसांकडे बघत राहिला, आणि पोतनीस टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे. घरी दोन मुली लहान होत्या, असं ते म्हणाले आणि लगेच म्हणाले की हे कारण नाही, हे फक्त तेव्हा खरं होतं. किसनला नोकरीतून काढलं. पोतनीस पुढे अठरा वर्षं नोकरीत राहिले, त्यांच्यावर डाग नाही. माझ्या बाबांना ठाऊक असलेलं ते तीस वर्षांचं स्वच्छ पान ते हेच.

त्या दुपारी मला त्यांचा भयंकर राग आला. ज्या माणसाकडून लायकीचा दाखला आणायला बाबांनी मला पाठवलं, तो हा. तरी मी तिथून उठलो नाही, कारण माझ्या तळहातावर अजून दहा नंबर होते.

"तो कॅम्प तीनच्या त्या खिडकीत बसतो ना?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. चार वर्षांपूर्वी त्या स्टेशनावरच्या एका जुन्या पॉइंट्समनकडून त्यांना पत्ता कळला होता. बदलापूर ते उल्हासनगर, किती लांब आहे? चार वर्षांत त्यांना तो रस्ता ओलांडता आला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही तो ओलांडला. मी अट घातली होती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. तेच सकाळी आमच्या दारात उभे होते, हातात फळीचे दोन्ही तुकडे चादरीत गुंडाळलेले. बाबांना वाटलं माझी शिकवणी आहे. पोतनीस त्यांच्याशी दोन शब्द बोलले, चहा नको म्हणाले.

पहिल्या मजल्यावर सात-आठ बायका-माणसं तयार जीन्सचे दोरे कापत बसली होती. त्यात खिडकीशी एक काटकुळा म्हातारा, मांडीवर पँट, हातात लहान कात्री. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली. लगेच उठून उभा राहिला, जुन्या सवयीने.

"या साहेब," किसन म्हणाला.

पोतनीस बसले नाहीत. सगळ्यांसमोर, मशिनांच्या आवाजात, ते म्हणाले, "किसन, सत्तेचाळीस नंबर तू दिला नव्हतास. मी लिहिला."

"माहीत हाय ना साहेब. मला नाय माहीत तर कोनाला?"

"तू बोलला का नाहीस?"

किसनने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. अगदी पोतनीस बघायचे तसं. तेव्हा मला कळलं की ही खोड पोतनीसांनी कुणाची उचलली होती.

"मला वाटलं, तुमी बोलाल," तो म्हणाला.

पोतनीसांनी खिशातून एक कागद काढला. सगळी हकिकत लिहिली होती, खाली सही, ऑफिसला पाठवायच्या अर्जाची प्रत. किसनला वाचता येत होतं. त्याने सावकाश वाचलं आणि म्हणाला, यात त्या दोघांची नावं नाहीत. पोतनीस म्हणाले, गँगची दोन माणसं असं लिहिलंय. किसनने कागद परत दिला. "सोमा आन् बारकू. सोमाची बायको पोटुशी व्हती. लिवा."

पोतनीसांनी दोऱ्याची पेन्सिल काढली आणि कागद गुडघ्यावर ठेवून दोन्ही नावं लिहिली. अक्षर इतकं वेडंवाकडं मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी चादर सोडली. हा मुलगा नोकरीवर चाललाय, ते म्हणाले, एकट्याने शिकायला काय चांगलं म्हणून विचारतो, तर यातलं काहीच एकट्याने शिकता येत नाही, समोर तुझ्यासारखा माणूस लागतो. माझ्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. किसनने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकच विचारलं, घाईत असलात तर थांबाल का? मी लगेच हो म्हणालो नाही. तळहातावरचे ते आकडे आठवले. मी त्याला खरं सांगितलं, की मागच्या रविवारी थांबलो नव्हतो.

"मग जा," किसन म्हणाला. बाबांना हवा होता तो होकार मला मिळाला तो असा, आणि पोतनीसांकडून नव्हे.

अर्जाला ऑफिसकडून उत्तर आलं नाही. इतकी जुनी कागदपत्रं कुठे सापडायची? मी ट्रेनिंगला गेलो, मग नोकरीवर. पुढच्या वर्षी रजेवर आलो तेव्हा काकूंनी सांगितलं की ते हल्ली रविवारी घरी नसतात. मी थेट कॅम्प तीनला गेलो.

कारखाना आता पूर्वीसारखा रविवारी चालत नव्हता. त्या लांब खोलीत दोघंच. मध्ये जीन्सच्या गठ्ठ्यांची छातीभर उंच भिंत, तिच्या अलीकडे पोतनीस आणि अर्धी फळी, पलीकडे किसन आणि अर्धी फळी. पोतनीस वर्षभरात खूप थकले होते. त्यांचा हात सुईच्या लिव्हरवर होता आणि समोर रजिस्टर उघडं होतं. त्यांनी मला पाहिलं, पण काम सोडलं नाही.

"किसन, गाडी लूपवर घेऊ का?"

पलीकडे किसन उठला. गुडघ्यावर हात टेकत फळीपाशी गेला, वाकला, नीट बघितलं. मी जिथे उभा होतो तिथून मला त्याची बाजू दिसत होती. लूपच्या वळणात काड्यापेटी नव्हती, हरभरेही नव्हते. जीन्सची दोन पितळी बटणं होती, शेजारी शेजारी.

"नाय साहेब," किसन म्हणाला.

पोतनीसांनी वेळ लिहिली, पुढे 'नाही' लिहिलं, आणि लिव्हरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मी वाकून पान पाहिलं. वरपासून खालपर्यंत वेळा होत्या आणि प्रत्येक वेळेसमोर तेच. आधीची पानंही तशीच होती. एकाही ओळीत नंबर नव्हता.

मी किसनजवळ गेलो आणि हळूच विचारलं, ही बटणं कधी उचलणार? त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"मी नाय ठेवली ती," तो म्हणाला. "साहेबच ठेवतात, आल्या आल्या."

गठ्ठ्यांच्या पलीकडे पोतनीसांनी घड्याळ पाहिलं, पाच मिनिटं पुरी होऊ दिली आणि पुन्हा विचारलं, "किसन, आता?"

किसन पुन्हा उठला.